व्यवसायाचं व्हिडिओ शूट: वर्कशॉप आणि शोरूममध्ये आधी नेमकी काय तयारी करायची? (पुणे)

स्टीलवाले_नऱ्हे | सोमवार, सकाळी १०:४०

आमचं काम हॉटेल, मेस आणि कॅन्टीनला लागणाऱ्या स्टेनलेस स्टीलच्या सामानाचं: कामाची टेबलं, सिंक, भट्ट्या, डोसा प्लेट, धुराचे हूड. वर्कशॉप नऱ्ह्यात, शोरूम नाना पेठेत. दोन मिनिटांची एक फिल्म (मराठी आणि हिंदी) आणि सहा उभ्या रील्स करून घ्यायच्या आहेत. टीम ठरली आहे: पाच माणसं, दोन कॅमेरे, एक दिवस, १२ तासांची शिफ्ट. कॅमेऱ्यासमोर वडील बोलणार, वय ६६. टीमने "जागा तयार ठेवा" एवढंच कळवलं आहे. तयार म्हणजे नेमकं काय काय, ते जाणकारांनी सांगावं.

तिपाई | सोमवार, सकाळी ११:२५

आधी एक गोष्ट मोडून काढतो. नऱ्हे आणि नाना पेठ एकाच दिवसात करू नका. १२ तासांचा हिशोब मांडून बघा: पहिल्या जागी सामान उतरवून लाइट लावायला दीड तास, आवरायला पाऊण तास, नवले पूल किंवा सिंहगड रस्त्याने पेठेत पोचायला गर्दीच्या वेळी तासाच्या पुढे, गाडी लावून सामान आत न्यायला अर्धा तास, पुन्हा मांडायला एक तास. जेवण आणि चहा धरून एक तास. कॅमेरा चालू राहील असे सहा तास उरतात, आणि तेही सगळं वेळेवर झालं तर. फिल्म, दोन भाषा आणि सहा रील्स एवढ्यात बसत नाहीत. शोरूम दुसऱ्या दिवशी सकाळी दोन माणसं आणि एक कॅमेरा घेऊन अर्ध्या शिफ्टमध्ये करा, नाहीतर शोरूमच गाळा. निवड करायची तर वर्कशॉप ठेवा. बनवणारे हात दाखवता येणं ही तुमची जमेची बाजू. शोरूम काय, सगळ्यांकडेच असतं.

दुसरं, पाहणी. टीमला शूटच्या निदान एक आठवडा आधी वर्कशॉपवर बोलवा, आणि ज्या वेळी शूट आहे त्याच वेळी. शेडच्या छपरात मधूनमधून पारदर्शक पत्रे असतीलच. सकाळी नऊला त्यातून छान तिरका उजेड येतो, बाराला तोच उजेड डोक्यावरून कोसळतो आणि माणसाच्या डोळ्यांखाली खड्डे पडतात. पावसाळ्यात दर दोन मिनिटांनी ढग सरकतो आणि एकाच वाक्यात चेहरा उजळ-काळा होतो. मुलाखतीच्या जागेवर ताडपत्री किंवा काळं कापड टाकता येईल का, छपराला ते कुठून बांधायचं, शिडी किती फुटांची लागेल, हे पाहणीतच ठरतं.

आता स्टील. शूटमधला सगळ्यात अवघड विषय हाच, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आरशासारखं पॉलिश केलेल्या पत्र्यात कॅमेरा, लाइटचे स्टँड, कॅमेरामनचा लाल टी-शर्ट, सगळं दिसतं. लेन्सला पोलराइझर लावला की चमक जाईल असं कोणी म्हणेल. काच, पाणी, रंगवलेला पृष्ठभाग यांवरची चमक त्याने कमी होते. उघड्या धातूवरची जवळजवळ होत नाही. स्टीलवर लाइट टाकायचाच नसतो, स्टीलला काय "दिसतंय" ते ठरवायचं असतं. वस्तूच्या बाजूला आणि वर मोठा पांढरा पडदा (८ बाय ८ फुटांचा पुरतो) लावा आणि लाइट त्या पडद्यावर किंवा पडद्यामागून मारा. पत्र्यात मग तो पडदा उमटतो आणि पृष्ठभाग सलग, मऊ दिसतो. कडा ओळखू याव्यात म्हणून एका बाजूला काळं कापड किंवा काळा रंग दिलेलं थर्माकोल उभं करा, कडेवर बारीक काळी रेघ येते आणि टेबलाला आकार येतो. कॅमेऱ्यासमोर काळं कापड धरून भोकातून फक्त लेन्स बाहेर काढा. टीमला काळे किंवा गडद राखाडी कपडे घालून यायला सांगा.

ही व्यवस्था करायला वस्तूच्या चारही बाजूंनी ६ ते ८ फूट मोकळी जागा लागते. वर्कशॉपमध्ये ती नसतेच, म्हणून आदल्या दिवशी एक कोपरा रिकामा करून झाडून ठेवा.

तुमच्या बाजूची तयारी अशी. पत्र्यावरचं पीव्हीसी कोटिंग (ओरखडे पडू नयेत म्हणून चिकटवलेला प्लास्टिकचा पापुद्रा) आदल्या दिवशी काढू नका, शॉटच्या दहा मिनिटं आधी काढा. कोटिंग काढल्यावर सुती हातमोज्यांशिवाय कोणी हात लावायचा नाही. पुसायचं ते मायक्रोफायबरने आणि नेहमी ग्रेनच्या, म्हणजे पत्र्यावरच्या बारीक रेघांच्या दिशेने. आडवं पुसलं की कॅमेऱ्यात प्रत्येक फटकारा दिसतो. हेअरलाइन फिनिशच्या (बारीक समांतर रेघांच्या, कमी चमकणाऱ्या) टेबलावर स्टील क्लीनरचे दोन-चार थेंब घेऊन कोरड्या फडक्याने ओढून घ्या. जास्त झालं की तेलकट पट्टे येतात. कोटिंगचा डिंक कोपऱ्यात राहतो तो थिनरने काढा आणि त्यानंतर साबणाच्या पाण्याने पुसा. यासाठी एक माणूस दिवसभर वेगळा ठेवा, ज्याला दुसरं काहीच काम नाही. तुमच्याकडच्या पॉलिशवाल्याला हे सगळ्यांत चांगलं जमेल.

आणि शूटसाठी वस्तू ठरवताना आरशासारख्या दोन आणि बाकीच्या हेअरलाइनच्या असं प्रमाण ठेवा. हेअरलाइन कॅमेऱ्याला सोपं जातं.

कान_देऊन | सोमवार, दुपारी १२:५०

वर उजेडाचं झालं, आवाजाचं कोणी पाहणीत बघत नाही, म्हणून लिहिते. मुलाखतीच्या जागेवर उभं राहून डोळे मिटा आणि दोन मिनिटं नुसतं ऐका. कॉम्प्रेसर, ग्राइंडर, शेजारच्या शेडमधला प्रेस, छतावरचा वाऱ्याने फिरणारा टर्बो फॅन, ऑफिसमधला फ्रिज, यूपीएसची भुणभुण, रिव्हर्स घेणाऱ्या टेम्पोचं संगीत. तुमचं मशीन तुम्ही बंद करू शकता, शेजाऱ्याचं नाही. त्याच्याशी आठवडाभर आधी बोलून ठेवा आणि त्याच्या जेवणाच्या सुट्टीची वेळ विचारून घ्या. दीड ते अडीचच्या दरम्यान बहुतेक शेड शांत असतात. मुलाखत तिथेच बसवा आणि टीमचं जेवण साडेबाराला उरका.

पत्र्याची शेड म्हणजे घुमणारा डबा. सिमेंटची जमीन, पत्र्याचं छप्पर, सगळीकडे स्टील, आवाज चहूकडून परत येतो. टाळी वाजवून बघा, मागे घुमत राहणारी शेपटी ऐकू आली तर तो घुमारा रेकॉर्डिंगमध्ये येणार, आणि एडिटमध्ये तो पूर्ण निघत नाही. कॅमेऱ्यात न दिसणाऱ्या बाजूंना जाड गोधड्या किंवा गाद्या उभ्या करा, खाली सतरंजी टाका. चार-पाच गोधड्या आणि एक सतरंजी एवढ्यानेही ऐकू येईल असा फरक पडतो. गोधड्या लाइटच्या स्टँडवर टांगता येतात. चिमटे (मोठे, स्प्रिंगचे) डझनभर आणून ठेवा, ते सगळीकडे लागतात.

कॉलर माइक छातीच्या मध्यावर, हनुवटीच्या खाली एक वीत. टेरिकॉट किंवा सिल्कवर माइक घासला की खरखर येते, म्हणून वडिलांना सुती शर्ट द्या. गळ्यात चेन असेल तर काढा किंवा आत टाकून चिकटपट्टीने अडवा. खिशात किल्ल्या, सुटे पैसे नकोत. मोबाइल नुसता सायलेंट नको, एअरप्लेन मोडवर टाका.

वेल्डिंग चालू असेल तर वायरलेस माइकवर भरवसा ठेवू नका. आर्गॉन वेल्डिंगच्या मशीनमध्ये आर्क (वेल्डिंगचा विजेचा झोत) पेटवायला हाय फ्रिक्वेन्सी वापरतात, त्याने रेडिओत कडकड येते. शिवाय सध्याचे बरेच छोटे वायरलेस माइक २.४ गिगाहर्ट्झवर चालतात, वायफायच्याच पट्ट्यात. ज्या माइकच्या ट्रान्समीटरमध्येच रेकॉर्डिंग होतं असा मागा, शिवाय वर काठीवर दुसरा माइक. एक बिघडला तर दुसरा हाताशी असावा.

मुलाखत संपल्यावर कोणी हलू नका. त्याच जागी, तीच माणसं, सगळे गप्प, एक मिनिट नुसता खोलीचा आवाज रेकॉर्ड करा. दोन वाक्यं जोडताना मधली भेग बुजवायला एडिटरला तो लागतो.

पेठेतला_परवाना | सोमवार, दुपारी ३:१५

वार ठरवताना. गुरुवार हा शहराच्या औद्योगिक भागांत बऱ्याच ठिकाणी साप्ताहिक सुट्टीचा वार. शेजारची यंत्रं बंद, म्हणजे आवाजाच्या दृष्टीने सोनं. पण पाण्याची आणि विजेची देखभालीची कामंही गुरुवारीच निघतात. त्या आठवड्यात महावितरणच्या स्थानिक कार्यालयात विचारून घ्या, एसएमएसवर विसंबू नका. जनरेटर मागवणार असाल तर तो वर्कशॉपपासून किती लांब लावता येईल ते बघा, नाहीतर शांततेसाठी गुरुवार निवडून तुम्हीच आवाज आणलात असं होईल.

नाना पेठेतल्या शोरूमसाठी सकाळी साडेसहा ते साडेनऊ. बाजार उघडला की हातगाड्या, हॉर्न, शेजारच्या दुकानांची शटरं. रस्त्यावर सम-विषम तारखेचं पार्किंग असेल तर तारखेप्रमाणे आपली बाजू आधी बघून ठेवा आणि टीमला कळवा. मोठी गाडी आणूच देऊ नका. फुटपाथवर किंवा रस्त्यावर स्टँड उभे करायचे झाले तर महापालिका आणि वाहतूक पोलीस, दोघांकडे आधी अर्ज लागतो. राज्यात चित्रीकरणाच्या परवानग्यांसाठी एक खिडकी योजनाही आहे, ती महाराष्ट्र चित्रपट, रंगभूमी आणि सांस्कृतिक विकास महामंडळाकडे. दुकानाच्या आत, स्वतःच्या जागेत शूट असेल तर एवढं काही लागत नाही, पण इमारत सोसायटीची असेल तर सचिवांचं लेखी पत्र घ्या. लिफ्ट आणि जिना वापरण्यावरून वाद होतात ते तिथेच होतात.

जुलै-ऑगस्टमध्ये संध्याकाळी आवाजाचं काम ठेवू नका. ढोल-ताशा पथकांचा सराव नदीकाठी चालतो, तरी तो लांबवर ऐकू जातो.

कापाकापी | सोमवार, संध्याकाळी ६:३०

एडिटच्या टेबलावरून काही गोष्टी.

लोगो व्हॉट्सअॅपवर आलेला चालत नाही. ज्यांनी बोर्ड किंवा व्हिजिटिंग कार्ड छापलं त्यांच्याकडे कोरल ड्रॉची मूळ फाइल असते, ती ईमेलने किंवा ड्राइव्हवर मागवा. वडिलांचं नाव, हुद्दा, कंपनीचं नाव मराठीत आणि हिंदीत नेमकं कसं लिहायचं ते युनिकोडमध्ये टाइप करून द्या. जुन्या डीटीपीच्या फॉन्टमध्ये लिहिलेली संहिता आमच्याकडे आली की अगम्य इंग्रजी अक्षरांचा ढीग होतो, आणि कोणी घाईत परत टाइप केली की चुका शिरतात.

मराठी अक्षरांचं एक फार मनाला लागतं म्हणून सांगतो. कित्येक फॉन्टमध्ये ल आणि श हिंदी वळणाचे येतात. "स्टेनलेस" मधला ल मराठी वळणाचा हवा. आणि "व्यापाऱ्यांसाठी", "भांडेवाल्यांच्या मागण्या पुऱ्या करणारे" अशा शब्दांत ऱ्य नीट उमटतो का, ते निवडलेल्या फॉन्टमध्ये आधीच तपासायला सांगा. एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये दक्षिण आशियाई लिप्यांचं टेक्स्ट इंजिन चालू केलेलं नसेल तर ऱ्हस्व इकार अक्षराच्या चुकीच्या बाजूला जाऊन बसतो. पहिला कट बघताना आवाज बंद करून फक्त अक्षरं एकदा वाचा.

उभ्या रील्सबद्दल. "४के मध्ये आडवं शूट करू आणि त्यातून उभं कापू" असं टीम म्हणेल. गणित जमतं: ३८४० बाय २१६० मधून १२१५ बाय २१६० चा उभा तुकडा निघतो, तो रीलला लागणाऱ्या १०८० बाय १९२० पेक्षा मोठाच आहे. बोलणाऱ्या चेहऱ्यासाठी हे ठीक. पण तुमचं टेबल सहा फूट लांब आहे, हूड आठ फूट. आडव्यातून उभं कापलं की अर्धं टेबल जातं. वस्तूंचे शॉट उभा कॅमेरा करूनच वेगळे घ्यायला लावा. आणि उभ्या फ्रेममध्ये खालचा साधारण पाचवा हिस्सा आणि उजवी कड मोकळी ठेवा, तिथे बटणं आणि मजकूर येतो. भट्टीचा बर्नर नेमका तिथे आला तर झाकला जातो.

तिपाई | सोमवार, रात्री ८:०५

कापाकापी यांना अनुमोदन. वेगळे उभे शॉट घ्यायचे म्हणजे शॉटच्या यादीत तसा रकाना करा, आडवा/उभा/दोन्ही. नाहीतर शेवटच्या तासात आठवतं.

फ्लिकर राहिलं. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झ, म्हणजे साधे दिवे सेकंदाला १०० वेळा मंद-तेज होतात. कॅमेरा सेकंदाला २५ फ्रेम आणि शटर १/५० सेकंद ठेवलं की अडचण येत नाही. ३० फ्रेम आणि १/६० वर पट्ट्या सरकतात. शेडच्या छताला टांगलेले स्वस्त एलईडी दिवे (हायबे) कधी कधी कशावरच ऐकत नाहीत. तपासणी सोपी: मोबाइलवर स्लो मोशनमध्ये दिव्यांचा दहा सेकंदांचा व्हिडिओ घ्या. उजेड धडधडत असेल तर ते दिवे शूटमध्ये बंद, आणि तसं टीमला आधी सांगा म्हणजे ते त्या हिशोबाने लाइट आणतील. ठिणग्या, कटिंग हे स्लो मोशनमध्ये घ्यायचं असेल तर फक्त दिवसाच्या उजेडात किंवा टीमच्या स्वतःच्या लाइटवर.

वीज: ६ अँपिअरच्या साध्या सॉकेटवर २३० व्होल्टने जास्तीत जास्त १,३८० वॉट, १६ अँपिअरच्यावर ३,६८०. जुन्या वायरिंगवर याच्या दोन तृतीयांशाच्या पुढे जाऊ नका. टीमकडून लाइटचे एकूण वॉट आधी मागवा. वेल्डिंग मशीन ज्या फेजवर आहे त्या फेजवर लाइट लावू नका, आर्क पेटली की व्होल्टेज खाली येतं. तुमचा वायरमन त्या दिवशी जागेवर हवा. आणि एक्स्टेन्शनची रीळ वापरली तर वायर पूर्ण उलगडा. गुंडाळलेली वायर जास्त भाराने तापते.

ठिणगी | मंगळवार, सकाळी ९:१०

वेल्डिंग, ग्राइंडिंग दाखवणार असाल तर हे वाचाच.

फायबर लेझरने कटिंग किंवा हातातलं लेझर वेल्डिंग असेल तर कॅमेरा थेट रोखू नका. त्या किरणाची लहर डोळ्याला दिसत नाही, चकचकीत पत्र्यावरून ती परावर्तित होते आणि डोळा किंवा कॅमेऱ्याचा सेन्सर कायमचा जाऊ शकतो. मशीनच्या मूळ संरक्षक काचेतून जे दिसेल तेच घ्या, झाकण उघडून नाही. हातातलं लेझर वेल्डिंग वगळलंत तर उत्तम.

आर्गॉन वेल्डिंगला वेल्डरच्या मागून किंवा बाजूने, लांबच्या लेन्सने, एनडी फिल्टर (लेन्समध्ये येणारा उजेड कमी करणारी काच) लावून. एक्स्पोजर आर्कवर धरा, बाकी सगळं अंधारात गेलं तरी चालतं. हेल्मेटच्या काचेतलं प्रतिबिंब आणि हातमोजे दिसले की पुरे. टीममधल्या प्रत्येकाला वेल्डिंगची काच द्या. "दोन सेकंद बघितलं तर काय होतं" असं म्हणणाऱ्याचे डोळे रात्री चुरचुरतात. ग्राइंडरच्या ठिणग्या लेन्सच्या काचेत रुततात आणि तिथे बारीक खड्डे पडतात. पुढे साधा यूव्ही फिल्टर लावायचा, खराब झाला तर तो टाकून द्यायचा.

हेल्मेट, गॉगल, हातमोजे, सेफ्टी शूज, ग्राइंडरचा गार्ड, सिलिंडरला साखळी. हे शूटपुरतं नको, पण शूटमध्ये तर हवंच. मोठ्या कॅन्टीनचा खरेदी अधिकारी व्हिडिओ बघतो तेव्हा चप्पल घालून ग्राइंडर चालवणारा माणूस त्याला पहिल्यांदा दिसतो. सेफ्टी शूज नवे आणणार असाल तर आठ दिवस आधी द्या, म्हणजे कामगार त्यात नीट चालतील. जागेवर दोन अग्निशामक, तारीख तपासलेले. थर्माकोल आणि पडदे ठिणग्यांपासून लांब.

भट्टीच्या ज्वाळेचा शॉट: निळी ज्वाळा भर उजेडात दिसतच नाही. समोरचे लाइट बंद करा, मागे गडद पार्श्वभूमी. ज्वाळा पिवळी येत असेल तर बर्नरची हवेची जाळी साफ करून घ्या आणि हवा-गॅसचं प्रमाण आदल्या दिवशी जमवा, कारण पिवळी ज्वाळा म्हणजे अर्धवट ज्वलन हे तुमच्या प्रत्येक गिऱ्हाइकाला कळतं.

स्टीलवाले_नऱ्हे | मंगळवार, सकाळी ११:००

सर्वांचे मनापासून आभार. शोरूम वेगळ्या दिवशी करायचं ठरवलं. दोन प्रश्न: वडिलांसाठी टेलिप्रॉम्प्टर (लेन्ससमोर वाचायच्या ओळी दाखवणारा पडदा) घ्यावा का? आणि स्टेनलेस स्टीलच्या ३०४ आणि २०२ ग्रेडमधला फरक चुंबक लावून दाखवायचा विचार आहे, चालेल का?

ठिणगी | मंगळवार, सकाळी ११:२०

चुंबकाचं करू नका. ३०४ आणि २०२ दोन्ही ऑस्टेनिटिक नावाच्या एकाच गटातले, दोन्हीला चुंबक जवळजवळ लागत नाही. आणि ३०४ सुद्धा वाकवलं, ओढलं की त्या जागी थोडं लागतं. चुंबकाने ४३० ग्रेड ओळखता येईल, २०२ नाही. जाणकार माणूस खाली टिप्पणीत हेच लिहील. त्याऐवजी मिलचं टेस्ट सर्टिफिकेट आणि पत्र्यावरचा हीट नंबर (पोलादाच्या त्या घाण्याचा क्रमांक) एकाच फ्रेममध्ये दाखवा. फरक बोलून सांगा: ३०४ मध्ये साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्क्यांच्या वर निकेल, २०२ मध्ये निकेल कमी करून मँगनीज वाढवलेलं, म्हणून मीठ, लिंबू, चिंच यांच्या सतत संपर्कात ते लवकर डागाळतं.

पत्र्याची जाडी गेजमध्ये नको, मिलिमीटरमध्ये सांगा. आणि टेबलाला "एफएसएसएआय प्रमाणित" म्हणू नका; एफएसएसएआय म्हणजे अन्नसुरक्षेचं सरकारी प्राधिकरण, तो परवाना खाद्यपदार्थांचा व्यवसाय करणाऱ्याला मिळतो.

तिपाई | मंगळवार, दुपारी १२:०५

टेलिप्रॉम्प्टर: माझं मत नको. सवय नसलेल्या माणसाचे डोळे ओळीवरून सरकताना दिसतात, आणि चष्मा असेल तर पडद्याचं प्रतिबिंबही. त्यापेक्षा लेन्सच्या अगदी बाजूला वडिलांच्या ओळखीचं माणूस बसवा आणि प्रश्न विचारू द्या. अट एकच: उत्तरात प्रश्न यायला हवा. "किती वर्षं?" ला "चाळीस" असं उत्तर एडिटमध्ये निरुपयोगी. "आम्ही चाळीस वर्षं भट्ट्या बनवतोय" हे उपयोगी. प्रश्न आठ-दहा पुरेत आणि ते आदल्या दिवशी सांगा, उत्तरं पाठ करायला लावू नका. "हॉटेलवाला टेबल घेताना कुठे फसतो?" असा प्रश्न काढा, माणूस आपोआप खुलतो.

कान_देऊन | मंगळवार, दुपारी १२:४०

मुलाखतीसाठी सहमत, पण हिंदी भागासाठी नाही. जो रोज मराठीत विचार करतो तो हिंदीत आकडे आणि तांत्रिक वाक्यं सांगताना अडखळतो आणि मग प्रत्येक वाक्याचे सात-आठ टेक होतात, माणूस थकतो. त्या चार-पाच वाक्यांपुरता प्रॉम्प्टर ठेवा: अक्षर मोठं, एका ओळीत चार-पाचच शब्द, वडिलांपासून निदान आठ फुटांवर, म्हणजे डोळ्यांची हालचाल कमी जाणवते. आधी सगळं मराठी पूर्ण करा, मग पाणी, दहा मिनिटं विश्रांती, मग हिंदी. एकाआड एक केलंत तर दोन्ही भाषांचा सूर बिघडतो.

तिपाई | मंगळवार, दुपारी १२:५५

हे पटलं. हिंदीपुरता ठेवा.

कपडे: पांढराशुभ्र आणि काळाकुट्ट नको. बारीक चौकडा आणि बारीक रेघाही नकोत. कॅमेऱ्यात त्यावर लाटा हलताना दिसतात. फिकट निळा किंवा मोतिया, एका रंगाचा, इस्त्री केलेला, तसेच तीन शर्ट. शेडमध्ये घामाने एक तासात पाठ भिजते. चष्मा उन्हात काळा होणारा असेल तर साध्या काचांचा दुसरा आणा. केस शूटच्या तीन-चार दिवस आधी कापा, आदल्या दिवशी नको. कपाळ टिपायला टिश्यू आणि साधी पावडर.

पेठेतला_परवाना | मंगळवार, दुपारी ४:२०

मागे काय दिसतंय ते बघा. फळ्यावर गिऱ्हाइकाचं नाव आणि भाव, टेबलावर दुसऱ्याचं ड्रॉइंग, भिंतीवर पुरवठादाराचं कॅलेंडर, चालू घड्याळ (दोन वाक्यांच्या मध्ये घड्याळ तासभर पुढे गेलेलं दिसतं). यंत्रांवर खंडेनवमीची सुकलेली झेंडूची माळ असेल तर काढा किंवा ताजी घाला. देवाच्या फोटोची लुकलुकणारी माळ तेवढ्यापुरती बंद.

कामगारांची लेखी संमती मराठीत, वाचून दाखवून, सहीसह: चेहरा कुठे वापरणार, किती काळ. नको म्हणणाऱ्याला त्या दिवशी दुसऱ्या शेडचं काम द्या, त्याचा पगार कापू नका. गिऱ्हाइकाच्या हॉटेलात जाऊन शूट करणार असाल तर मालकाचीही संमती हवी, नाव दाखवायचं की नाही ते त्यात लिहून.

ड्रोनचा प्रस्ताव आला तर आधी नकाशा. नऱ्ह्यापासून खडकवासल्याची एनडीए (राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी) फार लांब नाही, लोहगावचा विमानतळ हवाई दलाचा, आणि पुण्यात संरक्षण खात्याच्या जागा चारी बाजूंना. २०२१ च्या ड्रोन नियमांप्रमाणे हिरवा, पिवळा, लाल असे विभाग आहेत. २५० ग्रॅमच्या वरचा ड्रोन पैसे घेऊन उडवायला रिमोट पायलट सर्टिफिकेट लागतं. त्याशिवाय पोलीस आयुक्तालयाचे वेळोवेळचे मनाई आदेश. छपराच्या पत्र्यांच्या एका शॉटसाठी हा खटाटोप मला योग्य वाटत नाही.

करार. कॉपीराइट कायदा १९५७ च्या कलम १७ प्रमाणे मोबदला देऊन करवून घेतलेल्या चित्रफितीचा पहिला मालक, उलट करार नसेल तर, करवून घेणारा असतो. बऱ्याच कोटेशनच्या खाली बारीक अक्षरात तो "उलट करार" असतो, तो वाचा. कच्चं फुटेज मिळणार का, कोणत्या स्वरूपात, किती दिवस ते सांभाळणार, दुरुस्त्यांच्या किती फेऱ्या, बारा तासांच्या पुढे दर काय, १८ टक्के जीएसटी धरून की वेगळा, हे सगळं लिहून घ्या. संगीताचा परवाना तुमच्या कंपनीच्या नावावर हवा. रीलवर गाजणारं सिनेमाचं गाणं व्यवसायाच्या जाहिरातीला परवान्याशिवाय लावता येत नाही.

कापाकापी | मंगळवार, संध्याकाळी ७:१५

शूटच्या दिवसाचा डेटा. सेकंदाला १०० मेगाबिटने रेकॉर्ड केलं तर एका कॅमेऱ्याचे तासाला ४५ जीबी. दोन कॅमेरे प्रत्येकी चार तास चालले तर ३६० जीबी. साध्या हार्ड डिस्कवर सेकंदाला १०० एमबी धरली तरी कॉपीला एक तास, आणि प्रती दोन हव्यात. म्हणून दुपारच्या जेवणात पहिली कॉपी सुरू करायला सांगा. तुमची एक टीबीची नवी डिस्क आधीच देऊन ठेवा. दोन प्रती होऊन दोन-चार क्लिप उघडून बघितल्याशिवाय कोणतंही कार्ड पुसायचं नाही.

पहिला कट आला की घरातल्या सगळ्यांनी वेगवेगळे मेसेज पाठवू नका. एकच माणूस, एकच कागद, वेळेसकट: "००:४२, हूडचं नाव चुकलं". आधी चित्राचा क्रम पक्का करा, मग संगीत, शेवटी उपशीर्षकं. उलट केलंत तर प्रत्येक बदलाला सगळं परत.

स्टीलवाले_नऱ्हे | बुधवार, सकाळी ८:३०

मग वेळापत्रक असं मांडतोय: ७ ला सामान उतरवणं, ८:३० ते १२:३० कोपऱ्यातल्या वस्तू (आडवे आणि उभे), १२:३० जेवण आणि पहिली कॉपी, १:३० ते ३ वडील मराठी, मग हिंदी, ३:१५ ते ५:३० वेल्डिंग, ग्राइंडिंग आणि बेंडिंग, शेवटी काळोख पडू लागला की भट्टीच्या ज्वाळा. काही चुकतंय का?

कान_देऊन | बुधवार, सकाळी ९:०५

एकच: मुलाखतीचे लाइट आणि गोधड्या लावायला वेळच धरलेला नाही. वस्तूंचं काम पावणेबाराला आवरतं घ्या, एक माणूस वस्तूंचे शेवटचे शॉट उरकेल, बाकीचे मुलाखतीची जागा लावतील.

आणि मुलाखतीआधी जे जे बंद कराल (कॉम्प्रेसर, पाण्याचा पंप, ऑफिसचा फ्रिज, दोराने बांधून ठेवलेला टर्बो फॅन) त्याची यादी दारावर चिकटवा. टीमच्या गाडीची किल्ली फ्रिजमध्ये ठेवा. किल्ली घ्यायला फ्रिज उघडतील तेव्हा आतला दिवा लागला नाही, की स्विच आठवेल.